मदत हवी आहे: ताईच्या मुलाला दत्तक घ्यायचंय, पण ताईचं नाव पुसायचं नाहीये

बाळ्याची_मावशी:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. इथे कायद्यातलं कळणारे पण आहेत आणि मामाकडे, आत्याकडे लहानाचे मोठे झालेले पण आहेत, मला दोघांचंही ऐकायचंय.

आम्ही सांगलीचे. मी पतसंस्थेत क्लार्क, नवरा हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो, सासूबाई, सहा वर्षांची मुलगी. आणि ताईचा मुलगा, इथे त्याला बाळ्या म्हणते. ताई मे २०२१ ला कोविडमध्ये गेली. बाळ्या तेव्हा साडेचार वर्षांचा होता. दाजी चाकणला कंपनीत, कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी, त्यामुळे 'दोन महिने राहू दे तुमच्याकडे' म्हणून आलेलं पोरगं आज चौथीत आहे. दाजींनी २०२३ मध्ये दुसरं लग्न केलं, आता त्यांना एक छोटं बाळ आहे. माझं त्यांच्याशी भांडण नाही हे आधीच सांगते. रविवारी फोन येतो, दिवाळीला कपडे येतात, जमेल तेव्हा पैसे पण पाठवतात. आणि बालसंगोपन योजना चालू आहे आमची, महिना २२५० रुपये, तेव्हा हे सगळं पैशासाठी चाललंय असं कोणी म्हणू नका प्लीज.

पहिल्या वर्षाचं एक सांगते. ताई त्याला तूप-साखर लावून चपातीची गुंडाळी द्यायची. मी पण तशीच दिली तर हा खायलाच तयार नाही. मला वाटलं आईची आठवण येत असेल, म्हणून जवळ घेतलं, समजूत काढली, मीच रडले. मग हा गडी शांतपणे म्हणतो, "मावशी, खालून मुडप की, तूप गळतंय." आई खालचं टोक आत मुडपायची म्हणे. साडेचार वर्षांच्या पोरानं त्याच्या एवढ्याशा हातांनी मला मुडपून दाखवलं, आणि मी इतकी वर्षं ताईच्या हातचं खाऊन मला ते कधी दिसलं नव्हतं. आता आमच्या घरी सगळ्यांच्या गुंडाळ्या खालून मुडपलेल्या असतात, सासूबाईंची पण.

तो मला मावशी म्हणतो, ह्यांना काका. मुलगी त्याला दादा म्हणते आणि तिला तर माहीतच नाही की दादा आधी इथला नव्हता. तापात दोनदा मला आई म्हणाला होता, सकाळी मी विषय काढला नाही, त्यानेही नाही.

आता मुद्द्यावर येते. दिवाळीच्या सुट्टीत हा गच्चीच्या कठड्यावरून पडला, कोपराचं हाड मोडलं, ऑपरेशन करायचं ठरलं. हॉस्पिटलमध्ये फॉर्म पुढे केला, आईवडिलांची सही. मी म्हटलं मी मावशी आहे, माझ्याकडेच राहतो. नाही म्हणाले, आई किंवा वडील नाहीतर कोर्टाचा कागद आणा. दाजींची पाळी चालू, फोन लॉकरमध्ये. तीन तास, बघा, तीन तास ते पोरगं हाताला फळी बांधून बसलं होतं आणि मीच त्याला पंखा घालत होते पण सही करायला मी कोणीच नव्हते. शेवटी दाजींचा फोन लागला, व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र आलं, मग पुढचं झालं.

नंतर दाजी बघायला आले. जाताना गाडीला किक मारून, हेल्मेट न काढता म्हणाले, "तुम्ही दत्तकच करून घ्या त्याला, माझी काय हरकत नाही, सारखं असं अडायला नको." मला एकाच वेळी इतकं बरं वाटलं आणि इतका राग आला की काय सांगू. मुलाबद्दलची गोष्ट हेल्मेटातून बोलतात का? पण चहा घ्या म्हणायचंही राहून गेलं माझ्याकडून, गेले ते.

घरात आता दोन पार्ट्या झाल्यात आणि त्या मला वाटलं होतं त्याच्या बरोब्बर उलट्या आहेत. सासूबाई म्हणतात लावून टाका नाव एकदाचं, पोराला दोन डगरींवर ठेवू नका. आणि माझी आई, बाळ्याची सख्खी आजी, तिने दोन आठवडे माझ्याशी बोलणं टाकलंय. म्हणते, "माझ्या लेकीचं एवढंच राहिलंय जगात, दाखल्यावरचं नाव. ते पण तूच खोडणार?"

आणि त्याच आठवड्यात शाळेचं झालं. कॅलेंडरमध्ये, म्हणजे शाळेच्या डायरीत, आईचे नाव म्हणून रकाना असतो, तिथे त्याने ताईचं नाव लिहिलेलं. मॅडमनी चांगल्या हेतूनेच असेल, ते काट मारून माझं लिहिलं, कारण मीटिंगला मीच जाते. ह्याने घरी येऊन खोडरबर घेतला. पेनाचं कुठे जातंय, घासून घासून कागदाला भोक पडलं. मग मागून चिकटपट्टी लावून त्यावर परत आईचं नाव लिहिलं. मला न सांगता. डबा भरताना दप्तरात हात घातला तेव्हा सापडलं.

तर प्रश्न असे. दत्तक घेतलं तर जन्मदाखल्यावरून ताईचं नाव जातंच का? नाव न बदलता सही करायचा हक्क मिळेल असा काही रस्ता आहे का? दाजींनी उद्या मन बदललं तर? आणि नऊ वर्षांच्या मुलाला हे विचारायचं असतं का, की आपणच ठरवायचं?

(आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोरांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव घालणं आपल्याकडे सक्तीचं झालं, आणि मी इथे कसं काढायचं ते विचारतेय. असो.)

काळा_कोट:

ताई, मी जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो. सगळं एकदम सांगतो, हळू वाचा.

तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत. पहिला म्हणजे १९५६ चा हिंदू दत्तक कायदा. मुलगा १५ वर्षांच्या आत हवा, तो आहे. घेणाऱ्याला स्वतःचा मुलगा नको, तुम्हाला मुलगी आहे त्यामुळे अडचण नाही, मुलगा असता तर या कायद्याने जमलं नसतं. दाजी देणार, तुमचे मिस्टर घेणार, तुमची संमती, आणि प्रत्यक्ष देण्याघेण्याचा विधी. दत्तकपत्र रजिस्टर करा. नोटरीकडे स्टॅम्प पेपरवर सह्या ठोकून 'झालं दत्तक' म्हणणारे एजंट पावलोपावली भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. पाच वर्षांनी पासपोर्टला जाल तेव्हा रडाल.

दुसरा, २०१५ चा बालन्याय कायदा. मावशी-काका, मामा-आत्या, दोन्हीकडचे आजीआजोबा हे त्यात 'नातेवाईक' धरलेत. कारा म्हणजे केंद्र सरकारची दत्तकाचं काम बघणारी संस्था, तिचं ऑनलाइन पोर्टल आहे त्यावर नोंदणी, मग जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे लोक घरी येऊन चौकशी करतात, आणि सप्टेंबर २०२२ पासून आदेश कोर्ट नाही, जिल्हाधिकारी देतात. यात पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती घ्यावी लागते. म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यानेच दिलंय, विचारायचं.

दोन्हीत परिणाम तोच. मूल तुमचंच झालं, जन्मदाखल्यावर तुमची दोघांची नावं येतात. झालेलं दत्तक दाजींना मन बदललं म्हणून मोडता येत नाही, तुम्हालाही येत नाही. ताईंच्या पश्चात त्याच्या वाट्याला जे काही आलं असेल ते त्याचंच राहतं, दाजींच्या इस्टेटीवरचा पुढचा हक्क मात्र जातो. हे दाजींसमोर आत्ताच स्पष्ट बोला.

तिसरा रस्ता पालकत्वाचा, १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायदा. जिल्हा कोर्टात अर्ज. वडील हयात असताना कोर्ट सहजासहजी दुसरा पालक नेमत नाही, पण ते स्वतः हजर राहून संमती देत असतील तर प्रयत्न करण्यासारखा आहे. नाव, आडनाव, जन्मदाखला कशालाच हात लागत नाही, आणि हॉस्पिटलने मागितला तो 'कोर्टाचा कागद' हाच. मुलगा १८ चा झाला की संपतं. वारसाहक्क मिळत नाही, त्यासाठी तुम्ही मृत्युपत्र करू शकता.

आणि तुमच्या आईंना एक सांगा. दत्तकपत्र आम्ही करतो तेव्हा त्यात जन्मदात्या आईचं नाव, त्या कधी वारल्या, सगळं लिहितो. तो कागद रजिस्टर होतो. म्हणजे दाखल्यावरून गेलं तरी सरकारदरबारी पुसलं जात नाही.

स्पष्टवक्ता:

राग मानू नका पण बाप जिवंत आहे, धडधाकट आहे, कमावतो, मग पोरगं बापाकडे का नाही? सावत्र आई म्हटलं की सगळ्यांना राक्षसीणच दिसते. त्या बाईला एकदा तरी विचारलंत का?

बाळ्याची_मावशी:

@स्पष्टवक्ता विचारलंय. लग्नानंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर राहून आला तो तिकडे. ती बाई चांगली आहे, खरंच, त्याच्या आवडीची शेंगाची चटणी डब्यात भरून पाठवली होती तिनेच. पण हा तिकडे रोज रात्री दप्तर भरून दाराशी ठेवून झोपायचा. सुट्टीत. दाजींनीच फोन करून सांगितलं मला, या न्यायला. राक्षसीण कोणीच नाहीये हो, तेच तर अवघड आहे.

@काळा_कोट दादा, खूप आभार. प्रिंट काढून ह्यांना दिलीय. पालकत्वाचा रस्ता मला कोणीच सांगितला नव्हता.

मामाघरची:

मी मामा-मामीकडे वाढले, तिसरीपासून लग्नापर्यंत. कागद एकही नव्हता. प्रेमात काही कमी नव्हती पण बारावीनंतर जात पडताळणीला वडिलांकडच्या लोकांचे दाखले लागले आणि तोवर त्या घराशी बोलणं तुटलं होतं. मामा तीन वेळा त्यांच्या गावी जाऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला माझ्यासाठी. तर तुम्ही दत्तक घ्या नाहीतर पालक व्हा, दाजींशी गोडी आहे तोवर त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा, काका असतील तर त्यांचे, सगळ्यांच्या झेरॉक्स आत्ताच घेऊन ठेवा. उद्यावर टाकू नका.

नावाचं म्हणाल तर माझ्या लग्नपत्रिकेत कन्यादान करणारे म्हणून मामा-मामी होते आणि वर कै. लावून आईचं नाव होतं. मामीनेच घातलं होतं, मी सांगितलं नव्हतं. मी मामीला शेवटपर्यंत मामीच म्हटलं. तिची औषधं, तिचं दुखणंखुपणं मीच केलं, तिच्या मुलांच्या आधी डॉक्टर मला फोन करायचे. हाक कुठली मारता यावर काही नसतं हो.

काळा_कोट:

झेरॉक्सचा सल्ला लाख मोलाचा. आमचे निम्मे पक्षकार तिथेच अडकतात.

बाळ्याची_मावशी:

अपडेट देते. काल रात्री ह्यांनी आणि मी त्याला विचारलं. घाबरत घाबरत, आधी आपसात रिहर्सल करून. मी सांगितलं की एक कागद असा आहे ज्याने तू कायमचा आमचा होतोस पण दाखल्यावर आई म्हणून माझं नाव येतं, आणि दुसरा कागद असा आहे ज्याने नाव तसंच राहतं आणि मला तुझ्यासाठी सही करता येते. आणि कागद कुठलाही केला तरी तू इथेच राहणार आहेस.

त्याने आधी विचारलं, सही करता येणाऱ्या कागदाने परत हात मोडला तर लगेच ऑपरेशन होईल का. हो म्हटलं. मग म्हणाला तोच करा. मग बराच वेळ गप्प बसून, पांघरुणाचा दोरा ओढत, "आणि मोठा झाल्यावर मला वाटलं तर दुसरा करता येतो?" मी ह्यांच्याकडे बघितलं. १५ च्या आत करता येतो म्हणाले, अजून सहा वर्षं आहेत तुला.

आईला फोन करून सांगितलं. ती काही बोलली नाही पण आज सकाळी भावाच्या हातून मेथीची जुडी आणि बाळ्यासाठी चिक्की आलीय, म्हणजे बोलणं सुरू झालं असं धरते.

दाजी पुढच्या शनिवारी रजा टाकून येतायत, वकिलांकडे सोबत जायचंय. या वेळी हेल्मेट काढायला लावून आधी जेवायलाच बसवणार आहे. सांगली-मिरजेत असली कामं करणारे कोणी वकील माहीत असतील तर मेसेज करा, फीचा अंदाजही सांगा. दाजींचे कागद कोणकोणते मागवू त्याची यादी करतेय, काही राहिलं असेल तर सांगा.

आणि हो, एक राहिलंच. दिवा घालवल्यावर त्याने परत उठून विचारलं की दुसरा कागद केला असता तर आडनाव बदललं असतं का. बदललं असतं म्हटलं. तर म्हणतो, "मग हजेरी नंबर पण बदलला असता. मला सतराच पाहिजे, अठरा नंबरवाला माझा मित्र आहे."