मुक्तछंद म्हणजे एंटर मारलेलं गद्य? बरं.

वरवंटा
रविवारी इथं 'चौथा चरण' यांनी कवितेतल्या आपल्या आवडीनिवडी लिहिल्या. आवडी असाव्यात, माझ्याही आहेत. पण त्यात तीन वाक्यं अशी होती की गॅसवरची पोळी करपली. एक, 'वृत्तात नसलेली कविता मी दोन ओळींपुढे वाचत नाही.' दोन, 'मुक्तछंद म्हणजे एंटर मारलेलं गद्य.' तीन, 'ज्यांना मात्रा मोजता येत नाहीत त्यांनी मुक्तछंद काढला.'

तिसऱ्यापासून सुरू करते. मराठीत मुक्तछंद, म्हणजे वृत्ताचं बंधन नसलेली कविता, रुजवला कवी अनिलांनी. त्यांच्या 'फुलवात' संग्रहातल्या वृत्तबद्ध कविता वाचा आणि मग सांगा की या माणसाला मात्रा मोजता येत नव्हत्या. अरुण कोलटकरांनी अभंगाच्या वळणाच्या कविताही लिहिल्यात. सोडणाऱ्याला येत नव्हतं म्हणून त्यानं सोडलं, हे कोणी ठरवलं?

आता माझी आवड. वाचायला मला बालकवी लागतात, इंदिरा संत लागतात, पावसाळ्यात ग्रेस लागतात आणि डोकं फिरलं की नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा'. लिहिते मात्र मोकळंच. वृत्तात लिहायला बसले की मी खोटं बोलायला लागते. यमक जुळावं म्हणून नसलेला चंद्र आणते. आई गेल्यावर लिहिलेल्या एका कवितेचा तुकडा देते:

आई गेली त्या दिवशी
डब्यात होती ओली मेथी
निवडून
अर्धी

याला कोणी एंटर मारलेलं गद्य म्हणत असेल तर खुशाल म्हणो. ही मेथी मला शार्दूलविक्रीडित वृत्तात घालायची नाही.

चौथा चरण
माझ्यावर अख्खा धागा निघाला, धन्य झालो. पाठांतर वडिलांनी करून घेतलं. मनाचे श्लोक म्हणताना चुकलो तर गुडघ्यावर पट्टी बसायची, त्यामुळे त्यांचं वृत्त, भुजंगप्रयात, माझ्या गुडघ्यात आहे, हे मान्य.

पण एक सांगतो. चार वर्षांपूर्वी बायपास झाली. आयसीयूत रात्री झोप नाही, चष्मा नाही, मोबाईल नाही. शेजारी यंत्राची टिकटिक. त्या तीन रात्री मला जे आठवलं ते सगळं वृत्तातलं. केशवसुत आठवले, बोरकर आठवले, अर्धेमुर्धे श्लोक आठवले. तुमच्या मोकळ्या कवितांपैकी एक ओळ वर आली नाही, आणि मी त्या वाचलेल्या आहेत बरं, दोन ओळींपुढेही. अतिशयोक्ती केली होती. जी कविता माणसाच्या उशाशी येऊन बसत नाही तिचं मी काय करू?

आणि ताई, तुमची दुसरी ओळ पादाकुलकात, म्हणजे सोळा मात्रांच्या वृत्तात, आहे. लघू (ह्रस्व) अक्षराची एक मात्रा, गुरू (दीर्घ) अक्षराच्या दोन. डब्यात होती, आठ मात्रा. ओली मेथी, आठ. 'पिपांत मेले ओल्या उंदिर'च्या चालीवर म्हणून बघा, चपखल बसते.

वरवंटा
माझ्या आईची मेथी मी पिपातल्या उंदरांच्या चालीवर म्हणून बघू? शाबास. आयसीयूचं वाचून क्षणभर वाईट वाटलं होतं, ते परत घेते.

शुद्ध तूप
उंदीर. 'उंदिर' नव्हे. बावीस वर्षं मुद्रितशोधन केलं, हा शब्द असा दिसला की हात शिवशिवतो. अकारान्त मराठी शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, इकार-उकार दीर्घ.

चौथा चरण
मर्ढेकरांची ओळ आहे, माझी नाही. 'उंदीर' केलंत तर एक मात्रा वाढून सोळाच्या सतरा होतात आणि ओळ लंगडते. शिवाय मर्ढेकर गेले १९५६ साली, तुमचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे.

शुद्ध तूप
म्हणजे मात्रा वाढली की शब्दाची शेपटी छाटायची? उद्या मी 'पाणी'चं 'पाणि' करतो, तुम्ही वृत्त म्हणून टाळ्या वाजवा. कवीला भाषेपेक्षा मोठं समजण्याची ही खोड जुनी आहे.

जळगाव-भुसावळ पॅसेंजर
मूळ मुद्द्यावर कोणी आहे का अजून? बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी कुठं बसून मात्रा मोजल्या? मुलानं, सोपानदेवांनी, लिहून ठेवलं म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं, तेही त्या गेल्यावर. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. एखादं नाव लांब असलं तर घाईनं म्हणायची, आखूड असलं तर 'गं बाई' घालायची. जातं फिरत होतं तोवर ओवी बरोबर. चौथा चरण काकांनी ज्ञानेश्वरीची कोणतीही दहा पानं घ्यावीत आणि ओव्यांची अक्षरं मोजावीत. सारखी आली तर मी भरीत-पुरी खायला घालतो.

चौथा चरण
हे माझ्याच बाजूचं आहे, कळतंय ना? जातं म्हणजे ताल. मोजणं कानात होतं. मी मोजतो बोटांवर, कारण माझ्याकडे जातं नाही.

जळगाव-भुसावळ पॅसेंजर
मग रविवारी 'मात्रा मोजता येत नाहीत' का लिहिलं? 'कान नाही' लिहायचं होतं. आणि ताईंना कान आहे हे तुम्हीच आत्ता दाखवून दिलं.

काफिया_काका
उंदराचं अर्धवट सोडू नका. नियमांतच लिहिलंय की पद्यात वृत्ताचं बंधन पाळताना ह्रस्व-दीर्घाचे नियम काटेकोर पाळता येत नसतील तर तेवढ्यापुरतं कवीला स्वातंत्र्य असावं. तूप साहेबांनी बावीस वर्षांत तिथपर्यंत वाचलं नाही असं दिसतं.

शुद्ध तूप
वाचलंय, पाठ आहे. 'तेवढ्यापुरते' हा शब्दही वाचा. आजचे गझलकार तेवढ्यापुरते घेत नाहीत, घाऊक घेतात. मागे एका गझलसंग्रहाचं काम आलं होतं. पहिल्या वीस पानांत 'आणि'चा 'आणी' सात वेळा आणि 'नाही'चा 'नाहि' नऊ वेळा. खुणा केल्या तर कवी फोनवर म्हणाला, 'तुम्हाला लगावली (लघू-गुरूंचा क्रम) कळत नाही.' मानधनही बुडवलं त्यानं.

काफिया_काका
मानधन बुडवलं याचं खरंच वाईट वाटलं. पण त्याचा राग सुरेश भटांच्या गल्लीवर, म्हणजे गझलेवर, काढू नका. आमच्याकडे सूट घेतलेली खपत नाही, नवख्या पोराला चार लोकांत सुनावतात. आणि आता सूक्ष्मात जायचंच तर मर्ढेकरांची पुढची ओळ घ्या, 'माना पडल्या'. 'पडल्या'तला ड लघू की गुरू? पुढं जोडाक्षर आहे. पुस्तकी नियम लावला तर गुरू, आणि ओळ बिघडली.

चौथा चरण
लघूच. बोलून बघा, 'ल्या'चा जोर मागं पडत नाही. 'सज्जना' म्हणताना 'स'वर जसा हबका बसतो तसा 'ड'वर बसत नाही. 'डब्यात'लं तसंच. मराठीत मात्रा तोंडानं ठरते, डोळ्यानं नाही. माधव ज्यूलियनांचा वृत्तांवरचा ग्रंथ 'छंदोरचना' मी याचसाठी लोकांना वाचा वाचा म्हणतो, कोणी वाचत नाही.

नुसताच वाचक
तेरावा प्रतिसाद आहे आणि आपण 'ड'वर आहोत. कवितेवर या. मी लिहीत नाही, पण एकदा छापून आलोय. 'प्रातिनिधिक काव्यसंग्रह' नावाचा प्रकार माहीत आहे ना? एका कवितेचे पाचशे रुपये भरा, दोन प्रती आणि सन्मानपत्र घ्या. बायकोनं माझ्या नावानं हौसेनं पाठवली. पुस्तक आलं, माझ्या कवितेखाली दुसऱ्याचं नाव. वृत्तात होती की मुक्तछंदात, तपासायला कुणीही उघडली नाही. तुमचं भांडण मला श्रीमंतांचं वाटतं.

काफिया_काका
हाहा. सन्मानपत्रावर तरी तुमचं नाव होतं का?

नुसताच वाचक
त्यावर बायकोचं होतं.

जळगाव-भुसावळ पॅसेंजर
वृत्तवाल्यांनी एकदा लग्नातली घरगुती मंगलाष्टकं ऐकावीत. शार्दूलविक्रीडित, एकोणीस अक्षरं, आणि त्यात नवरीच्या मामाचं 'चंद्रशेखरराव' कोंबलेलं. आत्या माईक सोडत नाही, अक्षता हातात भिजतात. वृत्त आहे म्हणून ती कविता झाली का?

चौथा चरण
नाही झाली. त्यातली तीन मी लिहून दिलेली आहेत, त्यामुळे अधिकारानं सांगतो.

वरवंटा
दोन दिवस मुद्दाम आले नव्हते. आता शांत आहे, म्हणजे जरा कमी तापलेली.

उशाशी येणाऱ्या ओळींबद्दल. आई शेवटचे आठ दिवस दवाखान्यात होती तेव्हा ती हरिपाठ म्हणायची, विसरायची, मी पुढचा शब्द द्यायचे. तेव्हा मला माझी एकही कविता आठवली नाही. हे मी तुम्हाला सांगणार नव्हते, कारण तुम्ही ते विजयपत्र म्हणून फ्रेम कराल. करा. पण ती गेल्यावर, घरी येऊन डबा उघडला तेव्हा, हरिपाठ नाही आठवला. तिथं मला माझेच शब्द लागले, आणि ते मोडकेच आले. काही कविता पाठ व्हायला असतात, काही एकदाच वाचून ठेवून द्यायला. दुसरीला पहिलीचं माप कशाला लावता?

आणि अनिलांचंच. दार उघडून मोकळे झाले आणि म्हातारपणी स्वतःच दहा ओळींची चौकट आखून 'दशपदी' लिहिली, १९७७ चं साहित्य अकादमी तिलाच मिळालं. हा तुमच्या बाजूचा मुद्दा आहे. तुम्हाला सुचला नाही म्हणून मीच दिला.

चौथा चरण
दशपदी सुचली होती. तुम्ही चिडला होतात म्हणून काढली नाही. 'एंटर मारलेलं गद्य' हे वाक्य मागे घेतो. सरसकट मागे घेत नाही, कारण तसं गद्य मला रोज व्हॉट्सॲपवर येतं. मेथीच्या बाबतीत मागे घेतो. उंदरांची चाल सुचवायला नको होती. तुमचा कान चांगला आहे, एवढंच म्हणायचं होतं.

वरवंटा
म्हणायचं होतं ते वृत्तात बसलं नाही वाटतं.

शुद्ध तूप
'उंदरांची' बरोबर आहे. सामान्यरूपात 'दी'चा 'द' होतो. नोंद करून ठेवतो, या धाग्यावर कोणीतरी उंदीर नीट लिहिला.

वरवंटा
काका, रात्री ती ओळ म्हणून बघितली. बसते. बसते म्हणून काढून टाकणार होते, मग ठेवली. पण 'निवडून' तिसऱ्या ओळीत एकटाच राहणार, त्याला कोणी जोडीदार शोधायचा नाही.

चौथा चरण
राहू द्या. पाच मात्रा.