अनुभव धागा: लेखनगटात बायका-पुरुष अशी फूट कुठे पडते, कशी टळते?

काव्यकट्टे, कथावाचनाच्या बैठका, दिवाळी अंकाची संपादक मंडळं चालवणाऱ्यांसाठी हा धागा. तत्त्वचर्चा इतरत्र भरपूर झाली आहे. इथे वेळापत्रक, नियम आणि हिशेब लिहा. आत्मचरित्र नको, कुणाची नावंही नकोत.

टाकदौत
भांडण स्त्रीवादावरून पेटल्यासारखं दिसतं, पण मुळाशी बहुतेकदा कार्यक्रमपत्रिका असते. २४ निमंत्रित कवी, प्रत्येकी ३ मिनिटं, म्हणजे कागदावर ७२ मिनिटं. प्रत्यक्षात 'एक मुक्तछंद, एक गझल, आणि जाता जाता चार ओळी' करत माणूस ६ मिनिटं घेतो. वर सूत्रसंचालकाच्या चारोळ्या. अडीच तास झालेच. मान म्हणून ज्येष्ठ आधी वाचतात, नवोदित शेवटी ढकलले जातात. परगावच्या कवयित्रींना शेवटची एसटी गाठायची असते, त्या न वाचताच उठतात. मग 'बायका थांबत नाहीत' हा शेरा तयार!
उपाय: क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, तोही सगळ्यांसमोर. परगावच्यांच्या चिठ्ठ्यांचा डबा आधी उघडा. एकच कविता, शीर्षक आधी लिहून घ्यायचं. अडीच मिनिटांना पहिली घंटा, तिनाला दुसरी, मग माईक बंद. एका ज्येष्ठाला सवलत दिलीत की नियम मेला. सूत्रसंचालन दर वेळी बाईकडे आणि अध्यक्षपद दर वेळी पुरुषाकडे, ही वाटणीही मोडा.

मुद्रितशोधक
नाव झाकून वाचन करताना नुसतं वरचं नाव खोडून भागत नाही. वर्डच्या फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव राहतं, पीडीएफमध्येही बऱ्याचदा उतरतं. मजकूर साध्या टेक्स्ट (.txt) फाइलमध्ये चिकटवून क्रमांक द्या. क्रमांक-नावांची यादी निवड समितीबाहेरच्या माणसाकडे ठेवा. आपल्याकडे आणखी एक अडचण: 'मी निघालो', 'मी निघाले' वाचलं की लोक लेखकच ओळखल्यासारखं वागतात. वाचकांना आधीच बजावा, हा निवेदक आहे. आठ जणांच्या गटात मात्र ही पद्धत फोल, शैलीवरून सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथे वेगळा नियम लागतो: कथा सात दिवस आधी द्यायची, चर्चेत लेखक गप्प, आणि 'हे तुमच्याच बाबतीत घडलंय का?' हा प्रश्न बंद. तो नवरा-बायकोच्या कथेवर बाईलाच विचारला जातो. पुरुषाच्या तशाच कथेत लोक रचना बघतात. टीका करणाऱ्याने आधी परिच्छेद दाखवावा, मग बोलावं.

उंबरठा
फक्त बायकांची वेगळी बैठक ठेवली की 'फूट पाडता' असं ऐकवलं जातं. मला पटत नाही. 'स्त्री' मासिक १९३० साली निघालं, 'मिळून साऱ्याजणी' १९८९ साली. वेगळ्या जागेने मराठी लेखन आटलं नाही, वाढलं. गडबड होते ती निर्णय तिथे घेतल्यावर. वेगळ्या बैठकीत वाचन आणि चर्चा करा. अंकाची निवड, पैसे, पदं मात्र सर्वांच्याच बैठकीत. पुरुषांनीही हे पाळावं: निम्मे निर्णय कार्यक्रमानंतर चहाच्या टपरीवर होतात, आणि तिथे कोण नसतं हे सांगायला नको.

जुनं बाड
थोडा इतिहास. पहिलं ग्रंथकार संमेलन, म्हणजे आजच्या मराठी साहित्य संमेलनाची सुरुवात, १८७८ सालचं, पुण्यातलं. संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, १९६१, ग्वाल्हेर. मग दुर्गा भागवत (१९७५), शांता शेळके (१९९६), विजया राजाध्यक्ष (२००१), आणि थेट २०१९ मध्ये अरुणा ढेरे. त्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक बंद करून एकमताने निवडीची पद्धत आली होती. २०२५ मध्ये दिल्लीत तारा भवाळकर सहाव्या. निवडीच्या नियमाने फरक पडतो, म्हणून आपापल्या मंडळाची मतदारयादी आणि घटना आधी वाचा, भाषणं नंतर.

शाईपेन
व्हॉट्सअॅप गटासाठी तीन गोष्टी. अभिप्राय गटातच, न विचारता खाजगीत 'कविता भिडली' नको, त्रासाची सुरुवात बहुधा तिथून होते. तक्रार ऐकायला दोन व्यक्ती, त्यातली एक कार्यकारिणीबाहेरची, नावं गटाच्या माहितीत लिहिलेली. तिसरं, नोंदणी अर्जात 'कवी/कवयित्री' असे दोनच रकाने नकोत. 'मंचावर ओळख कशी करून द्यावी?' अशी मोकळी ओळ ठेवा, आणि सूत्रसंचालकाच्या हातातल्या कागदावर तीच ओळ जशीच्या तशी उतरवा.