दहावी झाली, सुट्टीतच कॅल्क्युलस सुरू करायचं का? (सोलापूर)

जुळे_सोलापूरकरीण:
नमस्कार. मुलीची दहावी झाली. स्टेट बोर्ड, सेमी. बीजगणित, भूमिती दोन्ही पेपर चांगले गेलेत म्हणते. पुढे इंजिनिअरिंगच करायचंय तिला. होटगी रोडच्या एका क्लासवाल्यांचं म्हणणं, आत्ताच कॅल्क्युलस, म्हणजे डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन, सुरू करा, नाहीतर पुढे झेपणार नाही. अकरावीला कॉलेजात नुसतं नाव घाला, बाकी आम्ही बघतो, असंही म्हणाले. फी ऐकून ह्यांचा चहा गार झाला. खरंच एवढं लागतं का? या उन्हात पोरीला भरदुपारी पाठवायचं जिवावर येतंय.

निवृत्त_मास्तर:
ताई, इथल्याच एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली. पोरं कॅल्क्युलसला अडत नाहीत हो, बीजगणिताला अडतात. फळ्यावर 1/(x²+4x+13) चं इंटिग्रेशन दिलं की सूत्र सगळ्यांना पाठ. पण खाली (x+2)²+9 करायचं सुचत नाही. आणि ही पूर्ण वर्ग पद्धत कुठली? दहावीचीच. वर्गसमीकरणाला सूत्र लावलं की उत्तर पटकन येतं, म्हणून ती पद्धत परीक्षेपुरती करून सोडून दिलेली. ते एवढं जमलं तर पुढे 1/3 tan⁻¹((x+2)/3) + c लिहायला दोन ओळी लागतात.

दुसरी खोड म्हणजे दिसेल ते काटायचं. x² = 3x दिलं की दोन्हीकडचा x उडवून x = 3 लिहून मोकळे. शून्य गेलं की वाऱ्यावर! (x+3)/3 मधले तीन काटणारे तर बोर्डात नव्वदच्या पुढचे पाहिलेत. पोरीला ही दोन द्या, काय करते बघा.

आणि अकरावी सोडू नका. सीईटीला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, अकरावीचा भाग साधारण 20 टक्के, म्हणून क्लासवाले ती उरकतात. त्रिकोणमिती, फंक्शन, लिमिट, संमिश्र संख्या सगळं अकरावीतच आहे. बारावीचं डिफरन्सिएशन त्यावरच उभं आहे, आणि पहिल्या वर्षाला हे येतंच असं धरून मास्तर पुढे जातो. मीही जायचो, सिलॅबस संपवायचा असतो.

सेकंड_इयर_मेकॅनिकल:
सर बरोबर बोलताहेत. काकू, सीईटीला गणिताचे 50 प्रश्न, 90 मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. आम्ही ऑप्शन टाकून बघायचो, नाहीच जमलं तर ठोकून द्यायचं. पर्सेंटाइल आलं मस्त. मग एम-वनच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या गणिताच्या पेपरात ऑप्शनच नाहीत, पानभर स्टेप लिहायच्या! आमच्या बेंचवर निम्म्यांना केटी, म्हणजे विषय राहिला. क्लास लावा, पण आठवड्याला चार-पाच गणितं तरी पूर्ण लिहून काढायला सांगा.

जुळे_सोलापूरकरीण:
सर, x² = 3x तिने बरोबर सोडवलं, शून्यही लिहिलं. पण √(x²) म्हणजे काय विचारलं तर x म्हणाली. तिच्या मामाने विचारलं होतं, तो हसतोय. हे चुकलं का?

निवृत्त_मास्तर:
अर्धं. x ऋण असेल तर? –5 चा वर्ग 25, त्याचं वर्गमूळ 5, –5 नाही. म्हणून |x|. मामांना सांगा, हसू नका, आलेख काढून दाखवा. सुट्टीत तेच करा: x², |x|, 1/x, sin x, हाताने, आलेख कागदावर. ते झालं की घातांक, लॉगॅरिदम आणि अपूर्णांकांच्या बेरजा, ज्यात खाली x असतो त्या. रोज तासभर, सकाळी ऊन चढायच्या आत. कॅल्क्युलेटर कपाटात. अकरावीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. भाग 2 मधलं फंक्शनचं प्रकरण छापून आणा, मोबाईलवर गणित होत नाही. क्लासचं जूनमध्ये बघा, आणि फी एकरकमी भरू नका.