न्हाणीच्या मोरीतून मण्यार येतोय, जाळी तुंबते. काय बसवावं?

खानापूर तालुका, जांबोटीच्या बाजूला चिऱ्याचं कौलारू घर. मागे परडं, पलीकडे भातशेती. पाऊस लागल्यापासून न्हाणीत रात्री दोनदा मण्यार निघाला. कवड्या (मण्यारसारखा दिसणारा बिनविषारी साप) नव्हे, नक्की: पांढरे पट्टे मानेपाशी नव्हते, पुढे सुरू होऊन शेपटीकडे ठळक होत गेलेले. दोन्ही वेळा सर्पमित्राने नेला.

केलेलं सांगतो. पिंजराची (भाताच्या पेंढ्याची) गंजी आणि जळण भिंतीपासून वीस फूट लांब नेलं. भात पत्र्याच्या पिंपात, त्यामुळे उंदीर कमी. दारांच्या खाली रबरी पट्टी, चिऱ्यांच्या फटी सिमेंटने बुजवल्या. खाली कोणी झोपत नाही; मच्छरदाणी गादीखाली खोचलेली असते. फिनेल, लसूण, कार्बोलिक सुचवू नका, साप त्याला जुमानत नाही. परड्यातली धामण राहू दे, उंदीर तीच खाते.

अडलंय मोरीपाशी. तीन इंची पाइप, बाहेरचं तोंड उघड्या गटारात. पाव इंची जाळी लावली, पण चुलीची राख, केस आणि काथ्याचा थर बसून दोन दिवसांत पाणी तुंबतं. घरचे जाळी काढून ठेवतात आणि परत लावायला विसरतात! पाण्याच्या ट्रॅपवर (पाणी साचून राहणाऱ्या वाकड्या पाइपवर) भरवसा नाही, साप पाण्यातून सहज येतो.

बाहेरच्या तोंडाला एकेरी झडप बसवली तर राखेने ती अर्धवट उघडी राहते का? की आत उचलता येणारी गाळणी आणि बाहेर पक्की जाळी असं दुहेरी करावं? कोणी वापरलं असेल तर जाळीचं माप आणि बाहेरच्या चेंबरची (पाइपच्या तोंडाशी बांधलेल्या खड्ड्याची) खोली सांगाल का?