अंतर तेच, मग जाताना सात तास आणि येताना आठ का?

खिडकीवाला:
न्यूयॉर्क-लंडन तिकीट काढलंय. संध्याकाळी ७ ला सुटून लंडनला सकाळी ७ ला पोचणार. घड्याळातला ५ तासांचा फरक वजा केला की ७ तास. परतताना सकाळी ११ ला निघून दुपारी २ ला, म्हणजे ३ अधिक ५, आठ! शिवाय अंतर एका साइटवर ५५४०, दुसरीवर ३४४०, तिसरीवर २९९०. ५५४० ला ताशी ९०० ने भागलं तर जेमतेम सव्वासहा तास येतात. उरलेले कुठे जातात? पृथ्वी फिरते त्यामुळे का? पण मग लंडन पुढे पळतंय, जातानाच उशीर व्हायला हवा!

भूगोलबाई:
तिन्ही साइट बरोबर आहेत हो. किलोमीटर, मैल आणि सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, गुणून बघा.

फिरणाऱ्या पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं, त्यामुळे लंडन काही पळत नाही. सगळी करामत वाऱ्याची. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. विमानाचे ते ९०० हवेच्या मानाने. पाठीशी १५० चा वारा असला की जमिनीच्या मानाने १०५०, समोरून आला की ७५०. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं.

पायपुसणं:
म्हणजे जाऊन-येऊन फिट्टंफाट. जाताना वाचलं ते येताना गेलं.

भूगोलबाई:
नाही ना! वर्गातही दरवर्षी कुणीतरी हेच म्हणायचं. ५५४० भागिले १०५० म्हणजे ५ तास १७ मिनिटं. भागिले ७५० म्हणजे ७ तास २३. बेरीज १२ तास ४०. वाराच नसता तर १२ तास १९ मध्ये जाऊन-येऊन झालं असतं. समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकतो, म्हणून तोटाच.

अर्धी_झोप:
तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, हे राहिलं. मी एकदा घड्याळ लावून बसलो होतो. विमान गेटवरून हललं तिथपासून चाकं जमीन सोडेपर्यंत ३८ मिनिटं! पुढे अकरा विमानांची रांग. मी मोजलीसुद्धा, दुसरं करणार काय.

खिडकीवाला:
कळलं. पण स्क्रीनवरच्या नकाशात विमान उगाच वर न्यूफाउंडलंडकडे वळसा घेतं, ते का?

भूगोलबाई:
वळसा नाही तो. आमच्या शाळेतला पृथ्वीगोल ३२ सेंटीमीटर व्यासाचा होता, म्हणजे १ सेंटीमीटरला सुमारे ४०० किलोमीटर. दोन्ही शहरांवर बोटं ठेवून दोरा ताणला की तो आपोआप न्यूफाउंडलंडवरून जायचा, लांबी चौदाला किंचित कमी. सपाट नकाशावर सरळ पट्टी ठेवलीत तर तो रस्ता याहून लांब पडतो. मुलं दोरा खाली ओढून बघायची, तो लगेच कमी पडायचा.

आणि परतीला उजवीकडची खिडकी घ्या. समोरचा वारा चुकवायला कधी कधी बरंच उत्तरेकडून नेतात. ढग नसले तर ग्रीनलंडचं टोक दिसतं.

खिडकीवाला:
डावीकडची घेतली होती. बदलतो आत्ताच.