‘माथेफिरू’ म्हणजे नेमका कोण?

केळीबाग (रावेर तालुका) :
मंडळी, एका शब्दाचा अर्थ हवाय. कोशातला नको, वापरातला.

गेल्या महिन्यात आमच्या शिवारात एकाची केळी रातोरात कापली. निसवलेली झाडं, पार बुंध्यापासून. ठिबकच्या नळ्याही छाटल्या. हे बांधाचं भांडण आहे आणि दोन पिढ्यांचं आहे, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक. तिसऱ्या दिवशी पेपरात मथळा : ‘माथेफिरूने केळीची झाडे कापली’.

आता आमच्या घरची गोष्ट. माझा मामा आमच्याकडेच राहतो. स्किझोफ्रेनिया आहे, वीस वर्षं गोळ्या चालू आहेत. सकाळी गोठा झाडतो, दुपारी पारावर बसतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्या दिवशी पारावर एकाने ती बातमी मोठ्याने वाचली आणि सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. बोललं कोणी नाही, हसले फक्त. संध्याकाळी ज्यांची बाग गेली त्यांचा मुलगा घरी आला आणि विचारून गेला, “मामा रात्री कुठे होते?” झाडं कोणी कापली हे ज्याला पक्कं माहीत, तोच हे विचारत होता!

तर माथेफिरू म्हणजे वेडा, रागीट, की नुसता ‘नाव माहीत नसलेला माणूस’?

अक्षरवेल :
आधी व्याकरण. ‘माथं फिरलं’, ‘डोकं फिरलं’ याचे मराठीत दोन अर्थ चालतात. एक संतापाचा : “त्याचं बोलणं ऐकून माझं डोकंच फिरलं.” दुसरा वेडाचा : “पोरगा गेला आणि तिचं डोकं फिरलं.” दोन्ही वाक्यांत काहीतरी घडलंय, कधीतरी घडलंय. पण शेवटी ‘ऊ’ लागला की मामला बदलतो. पोटभरू, वेळकाढू, लाचखाऊ हे शब्द बघा. एकदा वेळ काढला म्हणून कोणी वेळकाढू होत नाही. तो स्वभाव झाला. तसंच माथं फिरणं ही घटना, माथेफिरू ही जात.

उलट ‘वेडसर’मधला ‘सर’ सौम्य करणारा. काळसर, गोडसर, तसं वेडसर. पण बातमीत ‘वेडसर इसम’ आला की तो सौम्यपणा कुठे जातो कोण जाणे. तो ‘इसम’च खातो बहुतेक.

गोमाई (शहादा) :
आमच्या अहिराणीत ‘येडा’ म्हणतात, ‘तेनं डोकं फिरी गयं’ म्हणतात. पण ‘येडा’ शिवीसारखाही येतो आणि लाडानेही. आजी नातवाला दिवसातून दहादा म्हणते. मराठीतही ‘वेडा आहेस का?’ हे प्रेमाने म्हणता येतं, आणि भजनाचं, क्रिकेटचं वेड लागतंच. माथेफिरू मात्र लाडाने म्हणून बघा. जमत नाही. घरात कोणी कोणाला माथेफिरू म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. हा शब्द चुलीजवळचा नाही, छापखान्यातला आहे.

भोबोल (जळगाव) :
काय भो, शब्दाचा एवढा कीस! वाचणाऱ्याला कळतं की कोणीतरी नालायकपणा केला. माथेफिरू वाचून मला तर दवाखान्यातला पेशंट आठवत नाही.

केळीबाग :
भाऊ, तुमच्या पारावर माझा मामा बसत नाही ना, म्हणून.

पांझराकाठ (धुळे) :
मी आयुष्यभर उपसंपादक होतो, आता निवृत्त. हा शब्द मी स्वतः शेकड्यांनी छापलाय, तेव्हा आरोपीचीच साक्ष समजा.

रात्री दहाला तालुक्याच्या वार्ताहराची बातमी यायची. दुचाकी पेटवल्या, पिकात तणनाशक मारलं, केळी कापली. आरोपी अज्ञात. मथळ्याला जागा एका कॉलमाची. ‘अज्ञात व्यक्तीने’ लिहिलं तर मथळा मेलेला दिसतो. ‘पूर्ववैमनस्यातून’ लिहिलं तर ज्याच्याशी वैर तो सकाळी दारात हजर, “माझं नाव सुचवता काय?” ‘समाजकंटक’ हा शब्द आमच्याकडे दंगलीच्या बातम्यांनी बाटवलेला, तो टाकला की अफवा सुटायची. उरला माथेफिरू. त्याची बाजू घेऊन कोणी दारात येत नाही. अब्रुनुकसानीची नोटीस धाडणारा माथेफिरू मी तीस वर्षांत पाहिला नाही.

भोबोल, तुम्हाला पेशंट आठवत नाही हे खरं मानू. पण त्याच अंकात दुसऱ्या पानावर ‘मनोरुग्ण महिलेचा बसस्थानकात धिंगाणा’ असायचं, तेही आम्हीच छापलेलं. मनोरुग्णाने गाणं म्हटलं, बहिणीच्या लग्नात वाढपी झाला, वेळेवर गोळी घेतली, याची बातमी होत नाही. वर्षानुवर्षं एका पानावर धिंगाणा आणि दुसऱ्या पानावर माथेफिरू वाचला की दोन्ही वाचकाच्या डोक्यात शेजारीच जाऊन बसतात.

आणखी एक शब्द मला आता टोचतो : ‘कंटाळून’. ‘आजाराला कंटाळून’, ‘कर्जबाजारीपणाला कंटाळून’. कापसाच्या पट्ट्यात या बातम्या किती आल्या ते सांगायला नको. कंटाळा भाषणाचा येतो हो, पाहुण्याचा येतो. ज्याने महिनोन्‌महिने झोप गमावली त्याला आम्ही ‘कंटाळला’ म्हणून मोकळे. आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात याबद्दल भारतीय प्रेस परिषदेने 2019 साली मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या : बातमी ठळक जागी नको, पद्धतीचं वर्णन नको, सनसनाटी मथळा नको. तेव्हा मी टेबल सोडलं होतं. आधी असत्या तर पाळल्या असत्या का, हे मलाच विचारून पाहतो.

समुपदेशक_जळगाव :
कायद्याची भाषा कशी सरकली तेही बघा. 1912 च्या कायद्याच्या नावातच ‘लुनसी’, म्हणजे सरळ वेड. 1987 च्या कायद्यात ‘मानसिक आजारी व्यक्ती’ आली. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यक्ती पुढे आली : ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’. मराठीत हे लांबलचक वाटतं, मथळ्यात मावत नाही हेही खरं. पण मधुमेह असलेल्याला आपण ‘साखररुग्ण इसम’ म्हणत नाही. याच कायद्याच्या कलम 24 प्रमाणे मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेत असलेल्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही.

आणि मतिमंद, मनोरुग्ण हे एकच समजून वापरणं थांबवा. बौद्धिक दिव्यांगता वेगळी, मानसिक आजार वेगळा. 2017 च्या कायद्याची मानसिक आजाराची व्याख्या पहिलीला स्पष्ट वगळते.

गोमाई :
गावांची नावंही शब्द झालीत, ते राहिलं. राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. खान्देशात एकही नाही. म्हणून आमच्याकडे ‘याला ठाण्याला धाडा’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. मी पहिल्यांदा ठाणे स्टेशनवर उतरलो तेव्हा हसू आलं होतं, माणसं आपली लोकल पकडत होती.

समुपदेशक_जळगाव :
त्यात सिनेमाने ‘शॉक’ची भर घातली. खुर्चीला बांधलेला माणूस, थरथरणारं अंग, खिदळणारे वॉर्डबॉय. आता विजेचा उपचार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय करायला कायद्याने बंदी आहे. तरी ओपीडीत पहिला प्रश्न तोच : “शॉक देनार का?” माझ्याकडे कोणी ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत येत नाही. ‘मन लागस नई’, ‘जीव घाबरस’, ‘डोकं जड राहते’ असं म्हणत येतात. मला हे शब्द जास्त कामाचे वाटतात, त्यांत नेमकं काय होतंय ते तरी कळतं. आमच्याकडे भटक्या ढोराला वढाय म्हणतात आणि तोच शब्द मनालाही लावतात. तो कुठून माहीत झाला ते इथे कोणाला सांगायला नको.

कोणाला बोलायचं असेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. फुकट, रात्रंदिवस, मराठीतून.

भोबोल :
बरं, मानलं. मग केळी कापणाऱ्याला पेपराने काय म्हणावं ते सांगा. टीका सोपी आहे.

पांझराकाठ :
‘रावेर तालुक्यात केळीची झाडे कापली’. कर्ता हवाच कशाला? मराठी क्रियापद कर्त्यावाचून उभं राहतं, आणि एक शब्द वाचला तर उपसंपादक दुवा देईल.

अक्षरवेल :
केळीबाग, एक विचारायचं राहिलं. मामा स्वतः आजाराला काय म्हणतात?

केळीबाग :
‘रेडिओ’. आजार नवा होता तेव्हा तो म्हणायचा, “माह्या डोक्यात रेडिओ वाजते, बंद करा.” गोळ्या लागू पडल्यावर म्हणाला, “आवाज बारीक झाला.” तेव्हापासून आमच्या घरात तोच शब्द आहे. आई सकाळी चहा देताना विचारते, “आज रेडिओ कसा आहे रे?” काल म्हणाला, “खरखर आहे, पन गानं ऐकू येत नई.”