५जी घ्यावं का? लवकर सांगा, रिचार्ज संपतंय (ठाणे)

त्रस्त_ठाणेकर | मंगळवार, रात्री १०:४१

मंडळी, उद्या रिचार्ज संपतंय आणि डोक्याचा पार भुगा झालाय, म्हणून थोडक्यात विचारतो. ५जी घेण्यात काही अर्थ आहे का? आहे तोच प्लॅन मारू की वरचा? एका रिचार्जला फरक फार वाटत नाही, पण वर्षाचा हिशोब केला की टोचतो. आणि तेवढं करूनही ऐन कामाच्या वेळी अडकणारच असेल तर काय उपयोग? ऑफिसात एक जण म्हणतो डोळे झाकून घे, मेहुणा म्हणतो सगळी जाहिरातबाजी आहे. वापरलंय त्यांनीच सांगा. आणि ठाण्यातलं सांगा, पुण्याचं नको.

घोडबंदरची_पोर | १०:५५

ठाण्यात कुठे? कोपरीपासून गायमुखापर्यंत सगळं ठाणेच आहे. फोन कोणता, कंपनी कोणती, मजला कितवा?

पक्का_नौपाडा | ११:०२

डोळे झाकून घ्या. नौपाड्यात गोखले रोडला उभं राहून मी पिक्चर उतरवतो, चहा येईस्तोवर होतो. इथे विचारत बसण्यात जेवढा वेळ घालवाल तेवढ्यात रिचार्ज झालं असतं.

त्रस्त_ठाणेकर | ११:१०

फोन ५जीचाच आहे हो, म्हणून तर प्रश्न पडला. कंपनीचं नाव घेत नाही, नाहीतर उद्या सकाळपर्यंत धागा शंभरी गाठेल आणि माझं उत्तर राहील बाजूला. कासारवडवलीच्या पुढे राहतो. घरात ५जी दिसतं, तरी अडकतं. आता सांगा.

बेलापूरचे_काका | ११:२४

तुम्हां तरुणांना वेगाचं एवढं काय वेड आहे कळत नाही. आमच्याकडे एमटीएनएलचा फोन आला तेव्हा अख्खी चाळ नंबर देऊन ठेवायची. निरोप पोचत होते की नाही? मी आजही साधा फोन वापरतो, चार्जिंग आठवडाभर टिकतं.

खाडीपलीकडचा | ११:३१

काका, __/\__
धागाकर्ते, थेट पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला. १९०० वर PORT लिहून पुढे आपला नंबर टाकून एसएमएस करायचा, आठ अक्षरी कोड येतो, तो चार दिवस चालतो. त्या आत नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. मुंबई सर्कलमधल्या (सर्कल म्हणजे फोन कंपन्यांचा विभाग) मुंबई सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात. फक्त सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले हवेत.

पनवेल_लोकल | ११:३८

माझं सिम नाशिकहून घेतलेलं आहे, राहतो कोपरखैरण्याला. मला पण तीनच दिवस का?

खाडीपलीकडचा | ११:४०

नाही. नाशिक महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं, ठाणे-नवी मुंबई मुंबई सर्कलमध्ये. सर्कल बदलताना पाच कामाचे दिवस.

आरएफ_अण्णा | बुधवार, सकाळी ७:१५

पोर्टबिर्ट नंतर. धागाकर्ते, "अडकतं" म्हणजे नक्की काय अडकतं? कॉल की नेट? दोन्हींची औषधं वेगळी आहेत. आणि मजल्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

पक्का_नौपाडा | ७:४०

अण्णा, ५जी घेतलं की दोन्ही सुधारतं. रिकामा रस्ता मिळाल्यावर गाडी कुठलीही असो, पळतेच.

आरएफ_अण्णा | ७:५२

नाही सुधारत, आणि हा गैरसमज सर्रास आहे. भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं तेव्हा एअरटेलने नॉन-स्टँडअलोन पद्धत घेतली, म्हणजे ४जीच्या आधाराने चालणारी, जिओने स्टँडअलोन, म्हणजे स्वतंत्र ५जीची. पहिल्या पद्धतीत नेट ५जीवरून येतं, पण आपला साधा आवाजी कॉल जातो ४जीवरूनच, व्होल्टीने (४जीवरच्या आवाजी कॉलची पद्धत). दुसऱ्या पद्धतीत ५जीवरून कॉल होऊ शकतो, पण तशी सोय फोनमध्ये आणि त्या जागी नसेल तर फोन पुन्हा ४जीवर येतो. वरचा प्लॅन मारून तुटणारा कॉल जोडला जात नाही. नेटची गोष्ट वेगळी.

घोडबंदरची_पोर | ८:०३

माहितीपूर्ण. आणि प्लॅनचं पण सांगून टाकते, कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. जुलै २०२४ ला दर वाढले तेव्हा जिओ आणि एअरटेल दोघांनीही अमर्यादित ५जी फक्त रोजच्या २ जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनला ठेवलं. दीड जीबीच्या प्लॅनसोबत ते तेव्हा मिळेनासं झालं. आणि खरी मेख पुढे आहे: अमर्याद ते फक्त ५जीवर असताना. फोन ४जीवर घसरला की रोजच्या कोट्यातूनच वजा होतं. घराच्या आतल्या खोलीत फोन सतत वर-खाली करत असेल तर "अमर्यादित" म्हणून पैसे भरून दुपारी चारला कोटा संपल्याचा मेसेज येतो. आमच्याकडे येतो.

त्रस्त_ठाणेकर | ९:२०

ट्रेनमध्ये होतो. तेविसावा मजला. कॉलच अडकतो, मी तेच तर म्हणतोय! बेडरूममधून क्लायंटशी बोलताना हॅलो हॅलो करत बाल्कनीत पळावं लागतं, तिथे मेट्रोच्या कामाची आणि कंटेनरची धडधड. नेटचं काही नाही, घरी वायफाय आहेच की.

घोडबंदरची_पोर | ९:२२

वायफाय आहे???

खाडीपलीकडचा | ९:२४

आणि हे आम्हाला आत्ता कळतंय. रात्री मी पोर्टचा अख्खा निबंध लिहिला.

त्रस्त_ठाणेकर | ९:३१

वायफाय कुणाकडे नसतं? त्यात सांगण्यासारखं काय आहे? आणि सांगितलं की घरात ५जी दिसतं म्हणून. वायफायच्या नावातच आहे, आडनाव आणि पुढे ५जी.

आरएफ_अण्णा | ९:४४

ते राउटरचं ५ गिगाहर्ट्झ आहे साहेब. मोबाइलच्या पाचव्या पिढीशी त्याचा काडीचा संबंध नाही. ब्रॉडबँड बसवणारा पोरगा तसंच नाव ठेवून जातो.

त्रस्त_ठाणेकर | ९:४६

मग तसं नाव ठेवायचंच कशाला लोकांनी! बरं, पुढे बोला.

वाघबीळ_विरोधक | १०:१०

या सगळ्यात आरोग्याचं कुणीच बोलत नाही. आमच्या सोसायटीने गच्चीवरचा टॉवर सह्या गोळा करून काढायला लावला. चिमण्या गेल्या, झोप गेली. ५जी म्हणजे त्याहून भयंकर लहरी.

आरएफ_अण्णा | १०:२६

भारतात टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. आणि रेंज कमी असेल तर तुमच्या कानाला लावलेला फोनच जास्त ताकदीने ओरडतो. टॉवर लांब गेला की फोनचं काम वाढतं, कमी होत नाही.

पक्का_नौपाडा | १०:३०

सह्या करणारे तेच आता लिफ्टपाशी रेंज शोधत फिरत असतील. हलके घ्या.

वाघबीळ_विरोधक | १०:३३

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

आरएफ_अण्णा | १०:५८

मूळ मुद्द्यावर येतो. तेविसावा मजला हेच अर्धं निदान आहे. अँटेना रस्त्याकडे आणि खालच्या मजल्यांकडे कललेल्या असतात. इतक्या वर गेलं की जवळचा टॉवर पायाखाली राहतो आणि लांबचे चार-पाच टॉवर एकदम दिसायला लागतात, काही खाडीपलीकडचेसुद्धा. फोन गोंधळतो, एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो, त्या उडीत कॉल पडतो. म्हणून वर राहणाऱ्यांची तक्रार असते की काड्या भरपूर आणि आवाज तुटक.

उरलेलं अर्धं भिंतींचं. घोडबंदरचे नवे टॉवर बहुतेक मायवान शटरिंगचे. आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नाहीत, सळया घातलेलं ओतीव काँक्रीट. खिळा ठोकायला गेलात तर ड्रिलचं पातं तुटतं, तिथून लहरी काय जाणार? त्यात ५जीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा, तो भिंतीत लवकर मरतो. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आत चांगला शिरतो. २०२२ च्या लिलावात तो एकट्या जिओने घेतला. पण तो अरुंद, त्यावर वेगाचे चमत्कार होत नाहीत.

पक्का_नौपाडा | ११:०५

म्हणजे जिओ घ्या असंच ना? मी तेच म्हणत होतो.

घोडबंदरची_पोर | ११:०७

तुम्ही काहीच म्हणत नव्हता, पिक्चर उतरवत होता.

आरएफ_अण्णा | ११:२०

मी कुणाचीच दलाली करत नाहीये. धागाकर्ते, एक पैसा न भरता हे करा. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या पानावर "वायफाय कॉलिंग" असतं, ते चालू करा. मग फोन विमान मोडवर टाका, नुसतं वायफाय पुन्हा चालू करा, आणि बेडरूममधून नेहमीच्या नंबरवर साधा कॉल लावा. व्हॉट्सॅप नव्हे, साधा. लागला तर तो वायफायवरूनच गेलाय. विमान मोड अशासाठी, की अर्धी काडी जरी दिसत असली तरी काही फोन टॉवरलाच चिकटून बसतात आणि वायफायकडे येतच नाहीत.

आणि बेडरूममध्ये ते "५जी" नावाचं वायफाय सोडा, बिननावाचं साधं, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचं धरा. वेग कमी, पण भिंत ओलांडतं. कॉलला वेग लागतोच कुठे?

पनवेल_लोकल | ११:४१

वायफाय कॉलिंगचे वेगळे पैसे लागतात का?

खाडीपलीकडचा | ११:४३

नाही. प्लॅनमधलाच कॉल.

पक्का_नौपाडा | दुपारी १२:१५

तरी मी म्हणेन ५जी घ्याच. घर सोडून माणूस बाहेर जातो की नाही? संध्याकाळी ठाणे स्टेशनला ४जीवर यूपीआय फिरत राहतं, मागे रांग, वडापाववाला तोंडाकडे बघतोय. ५जीवर झटक्यात होतं, कारण तिथे अजून गर्दी कमी आहे.

घोडबंदरची_पोर | १२:२२

हे मात्र पटलं. ५जीचा खरा फायदा गर्दीतच कळतो, घरात नाही. पण आता सगळ्यांकडेच ५जी फोन आलेत, मार्च २०२५ पासून मुंबईत व्हीआयचंही आहे. ही मजा किती टिकेल कोण जाणे.

खाडीपलीकडचा | १२:३०

ट्रान्स-हार्बर लोकलला पण बघा. ऐरोली-रबाळे पट्ट्यात मला ४जीच पुरतं. चालत्या गाडीत ५जी येतं-जातं, फोन तापतो आणि बॅटरी ढासळते. मी प्रवासात ४जीवर बांधूनच ठेवतो.

बेलापूरचे_काका | १२:५५

दिघा गाव स्टेशन झाल्यापासून ती गाडी एक थांबा जास्त घेते, त्याचं काय करायचं ते आधी बोला.

त्रस्त_ठाणेकर | रात्री ९:५०

विमान मोडवाला प्रयोग केला. बेडरूममधून बायकोच्या माहेरी कॉल लावला, सासूबाई बराच वेळ बोलल्या, तुटला नाही. (एरवी तुटला असता तर बरं वाटलं असतं.) मोड काढल्यावर फोन एकदा पुन्हा टॉवरवर गेला, तेव्हा सेटिंगमध्ये "वायफायला प्राधान्य" सापडलं, ते केलं. दुपारीच जुना प्लॅन मारला, कारण तोवर तुमचं भांडणच चाललं होतं. ऑफिसात मला नेट त्यांचंच, स्टेशनवर मी रोख देतो, त्यामुळे वरच्या प्लॅनचं मला सध्या काही कारण दिसत नाही. अण्णा, आभार.

आरएफ_अण्णा | १०:०२

उत्तम. फक्त वीज गेली की राउटर बंद आणि कॉलही बंद, एवढं लक्षात ठेवा. राउटरला छोटा यूपीएस मिळतो, तो लावून टाका.

खारघर_नवीन | १०:२०

धागा आवडला. मी खारघरला डोंगराच्या बाजूला राहतो, माझा फोन ४जीचा आहे. रोज २ जीबीवाला ५जी प्लॅन मारला तर वेग वाढेल ना?

घोडबंदरची_पोर | १०:२१

नाही.

पक्का_नौपाडा | १०:२३

फोन घ्या ना मग ५जीचा! बजेट किती आहे? मी सुचवतो.

खाडीपलीकडचा | १०:२४

नवीन धागा काढा. आणि पहिल्याच ओळीत मजला लिहा.